उन्हातल्या पाणपिसवा आणि सावलीतले सर

पाण्यातले अगदी बारीक प्राणी उन्हाळा कसा सोसतात, हा माझा अभ्यासाचा विषय आहे. मला स्वतःला उन्हाळा अजिबात सोसत नाही. मार्च लागला की मी सावेडीतल्या आमच्या फ्लॅटचे पडदे ओढून घेतो, कूलरसमोर खुर्ची मांडतो आणि तिथे बसून उष्णतेवर लिहितो. खुर्चीशेजारी, कूलरच्याच वाऱ्यात माझ्या अकरा बरण्या आहेत, त्यांत पाणपिसवा राहतात. पाणपिसू म्हणजे मोहरीहून लहान, आरपार दिसणारा, उड्या मारत पोहणारा जीव. पिसवेचं आणि तिचं काही नातं नाही, ती कोळंबीच्या गोतावळ्यातली. ही माहिती मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला देतो. त्यामुळेच हल्ली आपल्याकडे कोणी येत नाही, असं माझ्या बायकोचं, सुनंदाचं, म्हणणं आहे.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसाला आपल्या आवाजाची सवय लागते. हिवाळ्यात एका महिला बचत गटाच्या मेळाव्यात मी याच आवाजात तासभर बोललो. शेततळ्यात माशांची पिल्लं वाढवायची तर पाणपिसवा कशा सांभाळाव्यात, असा विषय होता. मी आयुष्यात एकही मासा वाढवलेला नाही, हे सांगायचं राहून गेलं. कार्यक्रमानंतर श्रीगोंद्याकडच्या शालनताई भेटल्या आणि माझा नंबर घेऊन गेल्या. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

त्यांची अडचण साधी होती. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं जिऱ्याएवढी असतात, म्हणून त्यांना जिरंच म्हणतात. हे जिरं पहिले काही आठवडे पाणपिसवा खाऊन जगतं. गेल्या उन्हाळ्यात ताईंनी शेततळ्यात जिरं सोडलं आणि आठवड्याभरात तळ्यातल्या पाणपिसवा नाहीशा झाल्या. सगळं जिरं उपाशी मेलं. "घमेल्यानं काढलं सर, माझ्या हातानं," त्या म्हणाल्या. गावानं वर्षभर चेष्टा केली ती वेगळीच. आता या वर्षीच्या जिऱ्याची गाडी सांगायची की नाही, हे त्यांना शनिवारपर्यंत ठरवायचं होतं. पिसवा टिकतील का, एवढंच सांगायला सरांनी यावं.

"मंगळवारी येतो," मी म्हणालो. मे महिना आहे हे माझ्या लक्षात नव्हतं, कारण पडदे ओढलेले होते.

मंगळवार, श्रीगोंद्याजवळ

सुनंदाने सकाळी सहाच्या एसटीने जा म्हणून सांगितलं होतं. मी जाळी, तापमापी, दोन थर्मास, छत्री, टोपी, गॉगल आणि मिठासाखरेच्या पुड्या भरत बसलो आणि दहाच्या गाडीने निघालो. मी पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

शालनताई पंचेचाळिशीच्या, बारीक, चालताना पुढे वाकणाऱ्या. त्यांचे मिस्टर साखर कारखान्यावर नोकरीला आहेत. लिंबाची बाग आणि शेततळं या एकट्याच बघतात. त्यांनी मला बघितलं, वर सूर्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, आता न्हाई दिसायचं काई. जेवा, पडा जरा. उद्या सकाळच्याला बगा."

मला उद्या सकाळपर्यंत थांबायचं नव्हतं. आणि शास्त्रज्ञाने जेवून पडणं बरं दिसत नाही, असं मला त्या वेळी वाटलं. मी थेट तळ्यावर गेलो.

शेततळं म्हणजे मातीचा मोठा चौकोनी खड्डा, आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावरून ऊन असं उसळत होतं की गॉगल घालून काही फरक पडेना. मी काठावरून जाळी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. एक लिंबाचं पान आलं. तापमापी वरच्या पाण्यात धरली तर पारा सरळ चाळिशीकडे निघाला. अर्धा तास मी त्या काठावर पूर्व-पश्चिम करत राहिलो, आणि मग तळं माझ्याभोवती फिरायला लागलं.

पुढचं मला आठवतं ते असं, की मी निंबाखाली बाजेवर आडवा आहे, शालनताई माझ्या तळपायाला कांद्याचा रस चोळतायत आणि माझ्या हातात कैरीच्या पन्ह्याचा तांब्या आहे. उष्णतेचा अभ्यासक उन्हाने पडला. आमच्या घरी ऊन लागलं तर कूलर लावून झोपतात. इथल्या कांद्याने जास्त लवकर बरं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

माणूस बाजेवर आडवा पडलेला असला आणि त्याच्या पायाला कांद्याचा वास येत असला, तर त्याने गप्प राहावं. मी निदान केलं.

"ताई, तळं मेलंय. एक पिसू नाही त्यात."

"सकाळच्याला असत्यात की सर. लाल लाल. ढीग."

"लाल?" मी उशीवरून मान उचलून हसलो. "पाणपिसू लाल नसते. त्या दुसऱ्याच कसल्या अळ्या असतील. माझ्याकडे अकरा बरण्या आहेत, एकीतही लाल नाही."

त्या तळपायाला कांदा चोळत राहिल्या. मला ती संमती वाटली. मग मी उपायही सांगितला. हे पाणी उपसून टाका, तळाला चुना मारा, नवं पाणी भरा. तोवर मी अकोले तालुक्याच्या डोंगरातून ताज्या, धष्टपुष्ट पिसवा आणतो. तिकडच्या थंड पाण्यातल्या पिसवा दुप्पट मोठ्या असतात, असं मी वाचलं होतं.

"समदं उपसायचं?" त्यांनी विचारलं.

"सगळं," मी म्हणालो आणि पन्हं संपवलं.

बुधवार-गुरुवार, अकोले

अकोल्यापर्यंतच्या एसटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढची जीप मात्र सांगितली पाहिजे. तिच्यात चौदा माणसं, एक शेळी आणि माझे दोन थर्मास होते, आणि सगळ्यांत जास्त जागा मीच अडवतो असं शेळीचं मत पडलं. घाट चढलो तशी हवा गार झाली. माझ्या डोक्यात चढलेलं ऊन उतरलं, बुद्धीचा भ्रम मात्र तसाच राहिला.

कोंडाजी नावाचे साठीच्या पुढचे शेतकरी मला भेटले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने मी त्यांच्या घरी उतरलो होतो. घरात शिरल्या शिरल्या पितळेच्या तांब्यातून पाणी मिळालं. रात्रीच्या जेवणाला वरईचा भात, हुलग्याचं माडगं आणि सुकटीची चटणी होती. सावेडीत आम्ही वरई फक्त उपासाला खातो आणि खाताना तक्रार करतो. इथे ती पोटभर खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली. माझं ताट बघून कोंडाजींच्या कारभारीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "मास्तर लई दिसांचं उपाशी हायती."

गुरुवारी सकाळी कोंडाजींनी मला डोंगरावरच्या टाक्याकडे नेलं. टाकं म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा जुना हौद. ते अनवाणी पुढे चालले होते आणि मी नवे बूट घालून मागे घसरत होतो. एके ठिकाणी मी उभ्याने निघालो आणि बसून पोहोचलो. पँट मागून फाटली. उरलेला डोंगर मी छत्री पाठीमागे धरून चढलो.

टाक्यावर कातळाची सावली होती. पाण्यात हात घातला तर बोटं बधिर झाली. आणि त्या पाण्यात पाणपिसवा होत्या: मोठ्या, पांढुरक्या, सावकाश टुणटुणत जाणाऱ्या. मला इतका आनंद झाला की मी कोंडाजींना मिठी मारणार होतो, पण दोन्ही हातांनी छत्री धरलेली होती.

कोंडाजींनी फडक्याची चौपदरी घडी तांब्यावर धरली, पाणी गाळून प्यायले आणि फडकं उलटं करून टाक्यातच झटकलं. अडकलेल्या पिसवा परत पाण्यात गेल्या.

"ह्यान्ला बाहेर टाकीत न्हाईत," ते म्हणाले. "हे नाचत्यात तवर पानी पोटाला बरं. हे गेलं की आमी बी ते पानी सोडतो."

मी त्यांना सांगितलं की या पिसवा मी श्रीगोंद्याला नेणार आहे.

"कुठं? त्या ऊनात?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मास्तर, तुमी सोता हितं येऊन पाच घास जास्ती जेवला. आन ह्यान्ला तिकडं नेता?"

मी त्यांना परिस्थितीशी जुळवून घेण्याबद्दल दोन शास्त्रीय वाक्यं ऐकवली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि थर्मास भरायला मदत केली. त्या घरी मोबाईलला रेंज नव्हती. दोन दिवस मला कोणाचाही फोन आला नाही, आणि मी ती शांतता मनापासून उपभोगली.

शुक्रवार, पुन्हा श्रीगोंदा

या खेपेला मी सकाळी नऊलाच पोहोचलो. दोन्ही थर्मास छातीशी धरले होते. शालनताई तळ्याच्या काठावर बसल्या होत्या. तळं अर्धं झालं होतं.

"तुमी उपसा म्हनला म्हनून बुधवारी सांजच्याला मोटर लावली," त्या म्हणाल्या. "पानी लिंबाच्या बागंत सोडलं. रातभर चाललं. काल फटफटलं तवा बागंत गेले, तर आळ्याआळ्यात लाल साय धरलेली. बोट लावून बघितलं तर वळवळतंय. तशीच पळत येऊन मोटर बंद केली. मग साडीच्या फडक्यानं जेवढं घावलं तेवढं उचलून परत तळ्यात आनून टाकलं. तुमाला फोन लावला. लागला न्हाई."

हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पाण्याकडे वाकलो. सकाळचं ऊन अजून तिरपं होतं. कोपऱ्यातल्या सावलीत पाण्याखाली एक तांबूस ढग हलत होता. मी बरणीत पाणी घेतलं आणि खिशातलं भिंग लावलं. पाणपिसवाच होत्या. लहान, चपळ, आणि डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल.

आता जे लिहितो ते माझ्या विद्यार्थ्यांनी वाचू नये. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. तेव्हा पाणपिसू आपल्या अंगात माणसाच्या रक्तातल्यासारखं लाल द्रव्य तयार करते, म्हणजे थोड्या हवेत जास्त काम भागतं. ती लाल होते ती याच्यामुळे. आणि दुपारी वरचं पाणी तापलं की ती खाली गार थरात उतरते आणि ऊन कलल्यावर वर येते. या दोन्ही गोष्टी मी दर वर्षी शिकवतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. मी स्वतः भर दुपारी त्या पाण्यासमोर उभा राहिलो आणि पेपर कोरा दिला. माझ्या बरण्यांतल्या पिसवा पांढऱ्या होत्या, कारण त्या कूलरच्या वाऱ्यात वाढलेल्या होत्या. त्यांच्या मालकासारख्याच.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य मी बावीस वर्षांत वर्गात एकदाही म्हटलेलं नाही, त्यामुळे ते नीट आलं नाही.

"त्ये जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "डोंगरावरचं काय आनलंय ते दावा."

डोंगरावरच्या पिसवा तळ्यात सोडायचा धीर मला आता होत नव्हता. मी त्यातल्या काहींची एक बरणी भरली, ती तळ्यात तरंगत ठेवली आणि तिच्यात तळ्याचं पाणी ओतायला निघालो. शालनताईंनी थांबवलं. त्या जिऱ्याची पिशवी आली की आधी घडीभर तळ्यावर तरंगवतात, मग तिच्यात तळ्याचं पाणी वाटी-वाटीने घालतात, मगच पिल्लं सोडतात. "एकदम न्हाई करायचं सर. नव्या जाग्याची सवय लागाया येळ लागतो." त्यांनी बरणीतही तसंच वाटी-वाटीने पाणी घातलं. इतक्या प्रेमाने करूनही बाराच्या सुमाराला त्या गोऱ्या, धष्टपुष्ट पिसवा तळाशी पांढऱ्या पिठासारख्या पडल्या होत्या. कोंडाजींनी जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते कळायला मला दोन थर्मास आणि एक पँट लागली.

तळं अर्धं झाल्यामुळे खालचा गार थर उरलाच नव्हता. विहिरीनं नेमका त्याच दोन दिवसांत तळ गाठला होता, त्यामुळे पुन्हा भरणं शक्य नव्हतं. शालनताईंनी घरातल्या जुन्या साड्या काढल्या. आम्ही दोघांनी तळ्यावर दोऱ्या ताणून त्या साड्यांची सावली केली. मला गाठ मारता येत नाही, हे त्यांना तिसऱ्या साडीला कळलं. तेव्हापासून मी फक्त टोक धरून उभा राहिलो. ऊन लागलं, पण या वेळी मी पडलो नाही. पडायला तोंड नव्हतं.

शनिवार, पहाट

रात्रभर मी त्यांच्या ओसरीवर जागाच होतो, साडेपाचला त्यांनीच हाक मारली. साड्यांखाली पाणी लाल झालं होतं. इतक्या पिसवा मी एका ठिकाणी कधी पाहिल्या नव्हत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते जाग्रणामुळे नव्हतं. शालनताईंनी पदर कमरेला खोचला. गाडीवाल्याला सात वाजेपर्यंत सांगायचं होतं.

"बघा सर. टिकल्या. सांगू का मग गाडी?"

मी हो म्हणणारच होतो. मला हो म्हणायचं होतं. चार दिवसांत मी केलेल्या सगळ्या घोळावर त्या एका शब्दाने पांघरूण पडलं असतं. पण आधी बरणी भरली आणि भिंग लावलं. निम्म्याहून जास्त पिसवांच्या पाठीवर काळा ठिपका होता, लहानशा खोगिरासारखा. मी काठाकडे पाहिलं. कागदाला लागून वाऱ्याने काळी बारीक रेघ आणून लावली होती.

"ते तीळ व्हय," शालनताई म्हणाल्या. "गेल्या साली बी असंच तीळ आलं हुतं. जिरं सोडलं त्याच्या आदल्या दिशी. मला वाटलं, पान्याचा कचरा."

मग मी त्यांना ते तीळ म्हणजे काय ते सांगितलं. दिवस बरे असतात तोवर पाणपिसू मऊ अंडी घालते, ती लगेच फुटतात आणि सगळ्या मुलीच होतात. नराची गरजच पडत नाही. पाणी सोसेनासं झालं की ती आधी नर जन्माला घालते आणि मग ही कडक कवचाची अंडी बनवते. ती उन्हात वाळली तरी मरत नाहीत, नवं पाणी यायची वाट बघत पडून राहतात. (फार संकट आलं की मगच नवऱ्याची आठवण, हे सुनंदाला सांगितलं होतं तेव्हा ती "शहाण्या आहेत" म्हणाली होती.) तीळ दिसले याचा अर्थ पिसवांनी आवराआवर सुरू केली आहे. आज तळं लाल आहे, पण आठ दिवसांत इथे काही नसेल.

"म्हंजी जिरं सोडलं तर..."

"गेल्या वर्षीसारखंच होईल. नका सांगू गाडी."

त्यांनी पदर सोडला, पुन्हा खोचला. मग त्यांनी विचारलं, आणि मी ज्या प्रश्नाची कालपासून वाट बघत होतो तो हाच होता.

"मोटर लावली नसती, पानी समदं असतं, तर टिकल्या असत्या?"

खोटं बोलायला जागा होती. उन्हाळाच कडक आहे म्हणता आलं असतं. गेल्या वर्षी तर मोटर लावली नव्हती, तरी गेल्याच होत्या, असंही म्हणता आलं असतं.

"गेल्या वर्षी तळं किती भरलं होतं?" मी विचारलं.

"निम्मंच हुतं. ह्या साली मुद्दाम भरून ठिवलं हुतं, काठोकाठ."

"मग बहुतेक टिकल्या असत्या," मी म्हणालो. "खाली गार पाणी होतं तोवर त्यांनी तीळ धरले नव्हते, काल भिंगातही एक दिसला नव्हता. ते माझ्यामुळे झालं, ताई. तुमचं बरोबर होतं."

मला वाटलं, आता त्या मला हाकलतील. त्या काठावर खाली बसल्या आणि त्यांनी ती काळी रेघ बोटाने टिपून तळहातावर घेतली.

"वरीसभर मी समजत हुते, माझ्याच हाताला गुन न्हाई," त्या म्हणाल्या. "गाव म्हनलं, मी बी तसंच म्हनत ऱ्हायले. म्हंजी पानीच कमी हुतं. माझा हात न्हाई."

"तुमचा हात नाही," मी म्हणालो.

त्यांनी फोन काढला आणि गाडीवाल्याला या उन्हाळ्यात नको म्हणून सांगितलं. आवाज जराही हलला नाही. मग घरातून दोन मडकी आणि एक फडकं आणलं, एक मडकं माझ्या हातात दिलं.

"हे तीळ वाळवून ठिवायचं. विरजनासारखं. पाऊस झाला, तळं भरलं, की टाकते आन मग बगते," त्या म्हणाल्या. "तुमी तिकडून धरा सर. आन हळू. काई सांगू नगा, नुस्तं धरा."